जंपसीटवरचा पावणा

"विमान फुल्ल आहे. उद्या या." काउंटरवरच्या माणसानं मान वर न करताच सांगितलं.

उद्या चालणार नव्हतं. मी बहरीनमध्ये अडकलो होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये, माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह होता. अब्बा गेल्यापासून रझियाच्या बाजूनं उभं राहणारा घरात मी एकटाच. ट्रंक कॉलवर तिनं मला बजावलं होतं, "दादा, तू आला न्हाईस तर मी 'कबूल' म्हणायची न्हाय. बसू दे वऱ्हाड तसंच." ती बोलते तसं वागते, हे आमच्या अख्ख्या गावाला, पेठ वडगावला, ठाऊक होतं.

सत्तरचं दशक होतं ते. मी एका एअरलाइनमध्ये को-पायलट होतो आणि परदेशातलं ट्रेनिंग संपवून परतत होतो. मुंबईला जाणारं हे विमान दुसऱ्या कंपनीचं. पण पायलट लोकांसाठी एक शेवटचा दरवाजा असतो, त्याला जंपसीट म्हणतात. कॉकपिटमध्ये कॅप्टनच्या पाठीमागं एक घडीची खुर्ची असते. कंपन्यांची आपसात समजूत असेल आणि कॅप्टन हो म्हणाला, तर पायलटला तिथं बसून जाता येतं. कॅप्टन नाही म्हणाला की विषय संपला.

त्या विमानाचे कॅप्टन होते डिसूझा; त्यांना मी जिन्याशी गाठलं. माणूस पन्नाशीचा, डोळे लाल. पुढं विमान नेणारा क्रू आजारी पडला होता, म्हणून युरोपातून विमान घेऊन आलेली हीच माणसं विश्रांती न घेता पुढंही उडणार होती.

"एवढी घाई कसली?" लायसन्स परत देत त्यांनी विचारलं.

"बहिणीचं लग्न आहे सर."

"बस मग. पण कशाला हात लावायचा नाही. पाहुण्यासारखं बसायचं."

पहाट फुटताना आम्ही वर गेलो. मी इतकी वर्षं उडत होतो, पण आकाश नुसतं बघत बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. एरवी डोळे काट्यांवर असतात. आज हात रिकामे होते. खाली वाळवंट गुलाबी झालं, मग मोतिया, मग संपलंच आणि समुद्र लागला. समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेघ पुसून गेली होती. आपण पुढं चाललोय की एका मोठ्या शिंपल्याच्या पोटात लटकून राहिलोय, कळेना. ऊन समोरून सरळ अंगावर येत होतं. इंजिनांची एकसुरी घरघर अंगाई म्हटल्यासारखी चालली होती. मला त्या उजेडात रझिया दिसत होती, हिरव्या ओढणीतली. अम्मी दिसत होती. गच्चीवर वाळत घातलेले मंडपाचे पडदे वाऱ्यावर फुगत होते.

कॉकपिटमधला तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर, पाय मोकळे करायला मागं गेला. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की रेडिओवर कुणीतरी आपल्यालाच हाक मारतंय. खरखरीतून मुंबईचा आवाज येत होता. ठराविक जागी पोहोचलं की विमानानं आपला ठावठिकाणा कळवायचा असतो. तो आम्ही कळवला नव्हता.

आवाज पुन्हा आला. कुणी उत्तर देईना. मी वाकून बघितलं. को-पायलट खन्नाची हनुवटी छातीला टेकली होती. कॅप्टन डिसूझांचं डोकं खिडकीकडं कललं होतं आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखी शांतता होती. दोघंही गाढ झोपले होते. विमान ऑटोपायलटवर, म्हणजे आपलं आपण, चाललं होतं. मागं भरलेलं विमान, आणि समोर मी एकटा जागा.

हात लावून उठवायची भीती वाटली. दचकलेला माणूस हाताला येईल ते पकडतो, आणि पायलटच्या हाताला येतो तो कंट्रोल.

"कॅप्टन," मी म्हणालो. "सर!"

काही नाही. इंजिनांचा आवाज आणि कानावर हेडसेट. मग माझ्या पोटातून वडगावच्या बाजारातला आवाज निघाला.

"ओ पावणं! उठा की! मुंबई हाक मारालीया!"

डिसूझांनी डोळे उघडले. हललेसुद्धा नाहीत. आधी काटे बघितले, मग माईक उचलला आणि ठिकाण कळवलं. वाऱ्यानं आम्ही वाटेपासून बरेच डावीकडं सरकलो होतो. त्यांनी अलगद विमान वळवलं. खन्ना जागा झाला आणि पांढराफटक पडला.

विमान वाटेवर आलं. मग डिसूझांनी मागं न बघता विचारलं, "खाली कुणी विचारलं तर काय सांगशील?"

 या माणसानं माझ्यावर उपकार केले होते, तरी मी म्हणालो, "खरं ते सांगीन सर."

"तुझ्यावर ती वेळ येणार नाही," ते म्हणाले. "मीच सांगतो."

मुंबईत उतरल्यावर ते मला घेऊनच ऑफिसात गेले. मॅनेजरसमोर टोपी ठेवली. "आम्ही दोघं झोपलो होतो. यानं उठवलं."

मॅनेजर दचकला. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "यांचा जबाब लागेल. दोन दिवस थांबावं लागेल यांना."

"मी कबूल करतोय ना? मग जबाब कशाला? त्याच्या बहिणीचं लग्न आहे. जाऊ द्या त्याला."

मॅनेजरनं मला सोडलं आणि संध्याकाळची कोल्हापूरची एसटी मिळाली. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पोहोचलो तेव्हा काझीसाहेब येऊन बसले होते. रझियानं ओढणीतून बघितलं आणि म्हणाली, "केवढा उशीर रं दादा! जेवलास का?" तिनं 'कबूल' म्हटलं तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो, आणि पायाखालची फरशी अजून ढगासारखी हलत होती.

डिसूझांना काही महिने जमिनीवर बसवलं, उडू दिलं नाही. मग ते परत उडाले आणि सन्मानानं रिटायर झाले. क्रूला विश्रांती न देता पुढं पाठवणाऱ्या ऑफिसाला कुणी काही विचारल्याचं मात्र ऐकलं नाही.

पुढं मी कॅप्टन झालो. लांब ड्यूटी संपत आली की ऑफिसातून गोड आवाजात विचारणा व्हायची, "सर, अजून एक फ्लाइट करता का?" मी नाही म्हणायचो. त्यांना राग यायचा. यायचाच. पण थकलेला माणूस झोपणारच. त्यानं कुठं झोपायचं, एवढंच आपल्या हातात असतं.