आम्ही ठरवलंय

आख्खी गल्ली तिला सुईताई म्हणते. कपडे अल्टर करते, आणि जीभही सुईसारखीच. पण त्या दिवशी समुपदेशक बाईंच्या खोलीबाहेर बसली होती, तर तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! शेजारी नवरा. लिफ्टदुरुस्तीवाला, नखांतलं ग्रीस खरवडत बसलेला.

त्याचं बाहेर लफडं आहे हे कळल्यापासून तिने रडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आता तिला एकच हवं होतं. 'संपलं' एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं. बाकी सगळं ती गिळायला तयार होती. काय करणार? मेला अजून आवडत होता!

बाईंची रीत अशी, की आधी दोघांशी वेगवेगळं बोलायचं. "इथे सांगितलेलं मी दुसऱ्यापासून लपवणार नाही," हे आधीच बजावायचं. तिला त्यांनी विचारलं, झोप लागते का, तो हात उगारतो का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. "छे हो," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

मग दोघांना समोरासमोर बसवलं.

"ते अजून चालू आहे?" बाईंनी त्याला विचारलं.

"नाही. संपलं."

सुईताईचा जीव भांड्यात पडला. तरी राहवेना. "खरंच? पुन्हा नाही ना भेटणार तिला?"

"अगं, नाही! आम्ही ठरवलंय ना तसं."

आम्ही.

इतकी वर्षं तो तिच्याशी 'आपण'च बोलत आला होता. आपण फ्रिज घेऊ, आपली पोरगी. आणि आम्ही म्हणजे जिच्याशी बोलतोय ती सोडून बाकीचे. शेंबड्या पोरालाही कळतं हे. तिचा संसार ठेवायचा की मोडायचा, हे त्या दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि तिला नुसता निरोप मिळाला होता. पदराचा बोळा तिने तोंडाशी धरला.

बाईंच्याही ते 'आम्ही' ध्यानात आलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोघंही याल?"

"येऊ ना," नवरा घाईघाईने म्हणाला. त्याने तिचा हात धरला. "आपण येऊ."

मघापासून याच शब्दासाठी ती तडफडत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"आपण म्हणजे कोण रे?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.