पाव तासाचा ट्रॅक्टर

आमचा जुना ट्रॅक्टर त्या दसऱ्यानंतर रोज पाव तास उत्तम चाले. मग आवाज बसे, दोन-तीन उचक्या येत आणि वावराच्या मधोमध तो गप्प होई. थोडा वेळ थांबलं की पुन्हा पहिल्या दमात सुरू.

वडिलांच्या थोरल्या भावाने, आमच्या मोठेबाबांनी, निकाल आधीच दिला होता. "ओल जायच्या आत नाल्याकाठचं वावर वखरून झालं नाही, तर हे लोखंड इकून बैल आनतो मी." ट्रॅक्टरचा हट्ट माझा होता, आणि काळी माती कुणाच्या हट्टासाठी ओली राहत नाही.

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलेल्यांची निदानं तयार होती.

"इंजिन गेलं."

"डिझेलात पानी हाये."

"दृष्ट लागली, बाप्पा!"

मी डिझेल धोतरातून गाळलं, फिल्टर धुतला, नळीतली हवा काढली. पुन्हा पाव तासच. तेव्हा मला धीर आला. गेलेलं इंजिन इतकं वक्तशीर नसतं.

पुढच्या वेळी तो थांबताच मी थेट टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली. डिझेल खाली जायचं तर वरून हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते शेंदराने बुजलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. त्या वर्षी तालुक्याहून पाहुणे बोलावले होते. शेतीच्या प्रगतीवर ते लांबलचक बोलले आणि पूजेला उठले. बैलाचं कपाळ सगळ्यांना ठाऊक. ट्रॅक्टरचं कोणालाच नाही. पाहुण्यांनी सर्वांत उंच, गोल वस्तू निवडली आणि तेलातला शेंदूर सढळ हाताने थापला.

मी बाभळीच्या काट्याने भोक मोकळं केलं.

"काट्यानं इंजिन सुधरते का? काहून थट्टा करून राहिला बे?" मोठेबाबा म्हणाले.

"पाव तास थांबा, मंग बोला."

ते थांबले नाहीत. ट्रॅक्टरच्या मागे चालत राहिले. पाव तास गेला, दुपार गेली, वावर संपत आलं. शेवटच्या फेरीला त्यांनी वाकून मूठभर माती दाबली. तिचा गोळा झाला.

"ओल हाये अजून. उद्या चना पेरू."

"अन् बैल?" मी विचारलं.

"कोनते बैल?" म्हणत ते घराकडे वळले.