गाईडच्या मार्फत

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करायला नको. कुलसचिवांच्या केबिनमधून बोलावणं आलं की आजही मी आधी नर्मदामाईचं नाव घेते, आणि या नोकरीत मला बावीस वर्षं झालीत. जबलपूरच्या एका युनिव्हर्सिटीत मी पीएच.डी.चं ऑफिस सांभाळते. पोरं त्याला शोध शाखा म्हणतात. रजिस्ट्रेशन, मुदतवाढ, स्कॉलरशिपचे कागद, हॉस्टेलची पत्रं, आणि यातलं काही अडलं म्हणून कुणी रडत आलं तर त्याला आधी पाणी देणं, हे सगळं माझ्याच टेबलावर.

आमच्याकडे एक नियम आहे. विद्यार्थ्याचा कुठलाही अर्ज त्याच्या गाईडच्या सहीशिवाय पुढे जात नाही. सही नसली की मी त्यावर शिक्का मारते, ‘शोध निर्देशक के माध्यम से भेजें’, म्हणजे गाईडच्या मार्फत पाठवा, आणि अर्ज परत त्या गाईडकडे पाठवते. हा शिक्का मी स्वतः बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानातून करवून आणला होता. आधी हेच वाक्य दिवसातून पन्नासदा हातानं लिहायला लागायचं. शिक्का आला आणि माझं मनगट सुटलं. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

फेब्रुवारीत एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. मंडल्याच्या पलीकडच्या गावातली, घरात एवढं शिकलेली पहिलीच, पीएच.डी.चं तिसरं वर्ष. बराच वेळ नुसती बॅगेची चेन उघडत-लावत राहिली. मग बोलली. तिचे गाईड तिला दर रविवारी घरी बोलवायचे, घरात दुसरं कुणी नसताना. नाही गेली की लिहिलेली प्रकरणं महिनोन् महिने परत मिळायची नाहीत. आणखीही सांगितलं तिनं. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

मी म्हटलं, "बेटा, लिखकर दो. मुँह से कही बात का यहाँ कोई वज़न नहीं."

"सर को पता चल गया तो?"

"लिफाफा बंद करके मेरे हाथ में देना. मैं खुद शिकायत कमेटी को दूँगी. तुम्हारे सर की नज़र भी नहीं पड़ेगी."

हे माझे शब्द. मी दिलेले.

लिहायला तिला दीड महिना लागला. एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी तिनं पाकीट माझ्या हातात ठेवलं. नेमका तेव्हाच नवऱ्याचा फोन, गॅसवाला आलाय, पासबुक कुठे ठेवलंस? मी एका हातानं फोन धरला आणि दुसऱ्या हातानं पाकीट समोरच्या डाकेच्या ट्रेमध्ये टाकलं. कुलपाचा ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागून होता. मग गॅसच्या नादात मी घरी निघून गेले.

सोमवारी सकाळी आमच्या डाकेच्या बाबूनं रोजच्यासारखी ट्रेमधली सगळी पाकिटं फोडली, कागदांच्या मागे टाचली, रजिस्टरात चढवली आणि गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी शिक्का घेऊन बसले. डोळा कागदाच्या वर जातो, मग खाली जातो, हात आपोआप पडतो. वर लिहिलं होतं, ‘विषय: शोध निर्देशक के संबंध में’. खाली गाईडची सही नव्हती. ठप्प. पुढचा कागद. अकरा वाजता शिपाई गठ्ठे घेऊन विभागांकडे गेला.

साडेअकराला ती दारात डोकावली. आत आली नाही. "मैडम, वो..."

"हाँ हाँ, मेरे पास है," मी म्हटलं. ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ती गेल्यावर मी ड्रॉवर उघडला.

ड्रॉवरमध्ये नव्हतं. ट्रेमध्ये नव्हतं. मी डाकेचं रजिस्टर ओढलं आणि बोटानं खाली खाली येत गेले. तिचं नाव, तीन पानं, ‘निर्देशक को प्रेषित’, म्हणजे गाईडकडे पाठवलं, आणि पुढे माझीच छोटी सही.  मी त्या ओळीवर बोट ठेवून तशीच बसले. बाबू म्हणाला, "मैडम, बीपी?" मी म्हटलं, "चाबी! मेरी स्कूटी की चाबी!"

शिपायाला फोन लावला तर वाजतोय नि वाजतोय. त्या गाईडचा विभाग आमच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर. त्या उन्हात मी हेल्मेट न घालता, ओढणी हँडलमध्ये अडकवत कशी पोचले ते नर्मदामाईलाच ठाऊक. रस्ताभर एकच म्हणत होते, सर क्लासमध्ये असू देत, सर क्लासमध्ये असू देत. विभागाच्या दारात आमचा शिपाई चहा पीत उभा. मला पाहून कप लपवायला लागला.

"वो गठ्ठा?"

"दे दिया ना मैडम, सर के हाथ में. आधा घंटा हो गया."

सर खोलीतच होते. आता या माणसाबद्दल सांगायला हवं, कारण तो दिसायला राक्षस असता तर सोपं झालं असतं. मऊ बोलणारे, शिपायालाही आप म्हणणारे. माझ्या मुलीच्या बारावीला यांनीच फिजिक्सची पुस्तकं घरी पाठवली होती. टेबलावर आमचा सात अर्जांचा गठ्ठा होता, व्यवस्थित, कडा जुळवून ठेवलेला.

"अरे मैडम, आप खुद? बैठिए. चाय मँगाता हूँ."

"नहीं सर, वो ऊपर से आज ही माँगे हैं... मैंने सोचा लेती जाऊँ." माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"बस दो मिनट. साइन ही तो करने हैं."

आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या करायला सुरुवात केली. कागद उचलायचा, शेवटच्या पानावर सही, बाजूला. मान वरही करत नव्हते. मुलगी कुठे शिकते, पाय दुखतात का अजून, असं विचारत होते. मी हो हो करत होते आणि प्रत्येक कागदाबरोबर मरत होते. आत्ता वाचतील. आत्ता. चहा आला, मी तोंड पोळवून घेतलं. शेवटी त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "लीजिए, सब हो गए."

जिन्याच्या वळणावर मी थांबले आणि कागद चाळले. पाचवा तिचा. तिसऱ्या पानाच्या खाली लिहिलेलं, ‘अग्रेषित’, म्हणजे पुढे पाठवलं, आणि सरांची सही. त्यांनी स्वतःविरुद्धची तक्रार न वाचताच पुढे पाठवली होती! माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच भिंतीला टेकून हसले. अगं बाई! इकडे मी न वाचता शिक्का मारते, तिकडे हे न वाचता सही ठोकतात. नर्मदे हर, नर्मदे हर म्हणत मी स्कूटी काढली.

ऑफिसात येऊन मी मुलीला बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. चूक, धावपळ, सही, सगळं. सुटकेच्या भरात माणूस मूर्खासारखं बोलतो. मला वाटलं, तीही हसेल.

ती हसली नाही. तिनं तीन पानं हातात घेतली, उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"आपके सामने साइन किए?"

"हाँ, बिलकुल मेरे सामने."

"हर कागज़ पर एक ही बार?"

"हाँ, आखिरी पन्ने पर. क्यों?"

तिनं पहिलं पान माझ्याकडे फिरवलं. खाली कोपऱ्यात सरांची छोटी सही. दुसऱ्या पानावरही, त्याच जागी. "तो ये दो कब किए, मैडम?"

मी बघतच राहिले. त्यांनी आधीच वाचलं होतं. मी पोचायच्या आधी, पान पान वाचून, प्रत्येक पानावर आम्हाला दिसेल अशी खूण करून, तो कागद गठ्ठ्यात परत पाचवा लावला होता. मग मला चहा पाजला. माझ्या पायांची चौकशी केली. 

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. सरच.

"मैडम, कागज़ ठीक से पहुँच गए? एक बच्ची ज़रा परेशान है, भावुक है. आप बड़ी हैं, समझा दीजिए. और देखिए, गलती तो आपके दफ़्तर से हुई. मैं किसी से नहीं कहूँगा. बात यहीं रह जाए, सबके लिए अच्छा है."

"जी सर," मी म्हटलं. "जी. जी सर."

तीन वेळा जी म्हटलं मी. आणि अजून एक सांगते, लाज वाटते पण सांगते. ‘मैं किसी से नहीं कहूँगा’ ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं.

फोन ठेवला तेव्हा ती उभी राहिली होती. कुणाचा फोन ते तिला विचारावं लागलं नाही. तिनं माझ्यापुढची तिन्ही पानं उचलली, बॅगेत घातली. "आपने कहा था, मैडम," एवढंच म्हणाली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. निघून गेली. मी थांब म्हणायला हवं होतं. 

संध्याकाळी महाराजपूरला घरी पोचले आणि ताट समोर घेऊन नुसती बसून राहिले. नवरा म्हणाला, "काहून जेवून नाही राहिली?" मी सगळं सांगितलं. तो फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, मेमो आणि चौकश्या त्यानं खूप पाहिल्या आहेत. त्यानं माझं ताट झाकून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "चूप राहिली तर कोणी विचारणार नाही तुला. आठ वर्षं राहिली नोकरीची." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "पण पोरगी काय करून राहिली असेल आता?"

मला त्याचा राग आला. कारण मी तेच विचारू नये म्हणून दिवसभर धडपडत होते.

सकाळी ऑफिसात गेले आणि एक पान लिहिलं. पाकीट मला कधी मिळालं, मी ते ट्रेमध्ये कसं टाकलं, शिक्का मारून ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच कसं पाठवलं, तीन पानांवर कुणाच्या सह्या होत्या, फोनवर काय बोलणं झालं. अक्षर इतकं वाकडं आलं की दुसऱ्यांदा लिहावं लागलं. ते मी स्वतःच्या हातानं तक्रार समितीच्या अध्यक्ष मॅडमना नेऊन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"वो तीन पन्ने कहाँ हैं?"

"लड़की के पास."

"और अगर वो कह दे कि उसने कुछ दिया ही नहीं? आप समझ रही हैं ना? फिर ये एक प्रोफेसर पर सिर्फ़ आपका आरोप है."

समजत होतं. चांगलंच समजत होतं. बैठक गुरुवारी ठरली. मधल्या दोन दिवसांत मी त्या मुलीला किती फोन केले त्याचा हिशेब नाही. तिनं एकही उचलला नाही. आणि कुठल्या तोंडानं मी तिला दोष देणार होते?

गुरुवारी समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मला बसवलं.  समोरून सर आले, हातात फाईल, थांबले. "नमस्ते मैडम. तबीयत ठीक है ना?" मी नमस्ते म्हटलं. हात जोडले गेलेच माझे. ते आत गेले, थोड्या वेळानं बाहेर आले आणि जिन्यानं निघून गेले, तसेच, न घाई करता.

मग ती आली. पिवळा कुर्ता, केस घट्ट बांधलेले, हातात तीच बॅग. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. दार बंद झालं.

आतून काही ऐकू येत नव्हतं. मी दाराच्या कडीकडे बघत बसले. तिनं ‘मैंने कुछ नहीं दिया’ म्हटलं तर माझी नोकरी जाणार होती. पण खरी भीती ती नव्हती. तिनं तसं म्हटलं तर ती परत त्याच माणसाकडे जाणार होती, रविवारी रविवारी, आणि तिला तिथे पाठवणारी मी असणार होते. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना भ्यायले, पण त्या बाकावर जशी भ्यायले तशी कधीच नाही.

पाऊण तासानं दार उघडलं. ती सरळ वॉटर कूलरपाशी गेली. दोन ग्लास पाणी प्यायली. तोंड पुसलं आणि येऊन बाकावर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"दे दिया," ती समोर बघत म्हणाली.

"तीनों पन्ने?"

"चार."

"चौथा?"

"कल लिखा. आपके बारे में. कि मैंने किसके भरोसे पर दिया था और वो कहाँ पहुँचा."

तिच्या आवाजात राग नव्हता.  जे मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं, तेच तिच्या तोंडून ऐकणं मला सहन होत नव्हतं.

"अच्छा किया," मी म्हटलं. हे दोन शब्द बोलायला मला फार वेळ लागला. ती थांबली होती तोवर.