सासूबाईंची वाकळ आणि पिसवा

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची मांजर माझ्या वाट्याला आली आणि त्यांची वाकळ धाकट्या जावेच्या. आपल्याच जुन्या लुगड्यांची, स्वतः टाके घालून शिवलेली वाकळ. आजारपणात त्या वरच्या मजल्यावर जावेच्या खोलीत होत्या, म्हणून ती तिथंच राहिली. मी थोरली, पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही. जाऊ द्या म्हणावं, तर अजून म्हणवत नाही.

आणि मांजर तरी माझी कुठली! लातूरच्या या घरात मी खाली राहते, जाऊ वर. दूध माझं, भाकरीचा काला माझा, आणि पोट भरलं की बाईसाहेब शेपटी उभारून जिना चढायच्या. "जा, जा. तिकडंच माहेर हाय तुझं," मी खालून म्हणायचे. अंगाची नुसती आग व्हायची.

मग पावसाळ्यात घरात पिसवा झाल्या. ज्याच्या त्याच्या घोट्यावर लाल गांध्या. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमच्या मांजरीनं आणल्या." तेव्हा बरोबर ती माझी झाली! आमच्या ह्यांनी तर निकालच देऊन टाकला. पोळ्याला गावाकडं जायचंच आहे, तोवर पिसवा हटल्या नाहीत तर मांजर पोत्यात घालून किल्लारीच्या शेतात सोडायची. घरात वाढलेली ती, शेतातल्या कुत्र्यांपुढं काय टिकणार?

भाऊजींनी बैलांच्या गोचिडांचं औषध आणलं. ते मी हातातून ओढून घेतलं आणि मांजर पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "लावलं न्हाई ते बरं केलं. चाटून मेली असती." त्यांनी मांजरीचं वेगळं औषध मानेमागं, जीभ पोचत नाही तिथं टाकलं. "पण बाई, पिसवांची अंडी हिच्या अंथरुणात असतात. झोपते ती जागा साफ करा."

मी घर उलटंपालटं केलं. गाद्या उन्हात, चादरी उकळत्या पाण्यात, फरशीच्या फटीफटीत झाडू. उवांच्या फणीनं मांजर विंचरली आणि निघालेली एकेक पिसू साबणाच्या पाण्यात बुडवली. चार दिवस बरे गेले, की पुन्हा गांध्या. पोळा जवळ येत चालला.

"माझ्याकडं न्हाईत हो अक्का," जाऊ जिन्यातूनच म्हणायची. तिच्या मनगटावर गांध्या दिसत होत्या तरी! शेवटी तिला बाजूला सारून मी वर गेले. मांजर वाकळीत मुटकुळं करून झोपलेली. मी घडी उलगडली, तर टाक्याटाक्यात काळी भुकटी आणि टणाटण उड्या.

"कधी धुतलीस ही?"

ती म्हणाली, "धुतलीच न्हाई. त्यांचा वास जाईल."

"आन् मांजर गेली मग?"

तिनं वाकळ उचलून माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं.

खाली पातेल्यात पाणी उकळत होतं. वाकळ टाकण्याआधी मी तिच्यात तोंड खुपसलं. मिश्री, बाम, तेलकट केस. सासूबाई अख्ख्या तिथं होत्या! एवढं सगळं अंगावर घेऊन ही बया रोज झोपत होती, आणि मी खाली कोरडी. इतकं जळले, इतकं जळले, की वाकळ पाण्यात घातली ती दणक्यातच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमचे हे, पिसू उडाली तर दिसावी म्हणून, पांढरे मोजे घालून दोन्ही मजले फिरले. एकही पिसू उडाली नाही. पोतं परत माळ्यावर गेलं.

संध्याकाळी मांजर नेहमीसारखी वर गेली. वाळलेली वाकळ तिनं हुंगली, इकडून हुंगली, तिकडून हुंगली, आणि जिना उतरून सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मागोमाग जाऊ आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकली. मांजरीकडं बघून राहिली होती. ती नजर मी ओळखली. मीच ती नजर घेऊन त्याच पायरीशी उभी राहायचे.

"ये, बस. चहा टाकते," मी म्हणाले.

पण उठले नाही. उठायचं तर मांजर खाली ठेवावी लागली असती.