मैना जिथं अडली

आप्पासाहेबांच्या मैना घोडीनं पुण्याच्या एका पाहुण्याला बोरीच्या काट्यांत टाकलं. कारण काय, तर कुंपणाला अडकलेली खताची पांढरी गोणी वाऱ्यानं फडफडली. पाहुणे सहा फूट उंच, कमावलेल्या अंगाचे, आणि घोड्यावर बसून मोबाइलमध्ये स्वतःचंच शूटिंग करत होते. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू? आप्पासाहेबांना मात्र आलं नाही.

दौलताबादच्या किल्ल्याखाली त्यांची सीताफळाची बाग आहे. पाच घोडे आहेत, आणि शहरातल्या हौशी लोकांना डोंगराच्या कडेनं दोन तास फिरवून आणायचा जोडधंदा आहे. त्या हौशी लोकांतली मी एक. बँकेतली नोकरी, वय बावन्न, गुडघे दुखरे, तरी रविवार उजाडला की माझी स्कूटर दौलताबादच्या रस्त्याला लागते. घरचे काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"येत्या रविवारी एक शेवटची फेरी," आप्पासाहेबांनी त्याच दिवशी सांगून टाकलं. "बुजली तर पिशोरच्या माणसाला देऊन टाकतो."

पिशोरचा माणूस लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवायचा. म्हणजे गोणीला भिणारी मैना आता डीजे आणि फटाक्यांच्या माळा यांच्यामध्ये उभी राहणार. गीताबाई तेव्हा मैनेच्या पाठीवर खरारा फिरवत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला.

या पाचही घोड्यांचं सगळं गीताबाईच बघतात. आधी हे काम त्यांचे यजमान धोंडिबा करायचे. मागच्या वर्षी ते गेले आणि गीताबाई कामावर आल्या. बाईमाणूस महिनाभर लीद काढेल आणि कंटाळून जाईल, असा सगळ्यांचा अंदाज होता. त्यात मीही होते, आणि त्याची मला लाज वाटते.

"एवढ्याशा गोणीला का भितं हो हे जनावर?" मी त्यांना विचारलं.

"ताई, तिला शिंगं नायत का नख्या नायत. पळणं एवढंच तिच्या हाती. आधी पळायचं, मग इचार करायचा. तुमच्या-माझ्यागत इचार करत बसली असती तर वाघानं कवाच खाल्ली असती."

आता या डोंगरात वाघ कुठला? पण हे मैनेला कुणी कळवलेलं नाही.

मग आठवडाभर गीताबाईंनी मैनेला दोरीनं धरून ती वाट रोज चालवली. गोणी, चिंध्या, पाइपाचं भेंडोळं, जे जे दिसेल ते हुंगू दिलं. जाताना एकदा आणि येताना परत एकदा. डाव्या डोळ्यानं ओळखलेली वस्तू उजव्या डोळ्याला नवीनच वाटते, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात अवघड गेला तो लिंबाखालच्या वळणावरचा फुटका निळा ड्रम. त्याच्यावर तीन दिवस गेले. शेवटी शेवटी मैना त्याला नाक लावल्याशिवाय पुढं जाईना.

आप्पासाहेबही दुष्ट नव्हेत. मैना पास व्हावी असं त्यांनाही आतून वाटत होतं, फक्त तसं बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. शनिवारी दुपारी त्यांनी दोन गडी लावले आणि कुणाला न सांगता सगळी वाट साफ करून घेतली.

"एकदम चकाचक!" रविवारी सकाळी ते खुशीत म्हणाले. "आता बुजायला ऱ्हायलंच काय?"

गीताबाईंचा चेहरा उतरला. त्या मैनेची दोरी सोडायला वळल्या.

मैनेवर मला बसवलं. मी पडले तर इंटरनेटवर वाईट लिहिणार नाही, एवढाच माझा गुण. दोरी धरून गीताबाई पुढं, आपल्या म्हाताऱ्या घोड्यावर आप्पासाहेब मागं. लिंबाच्या वळणापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथं मैना एकदम थांबली. कान ताठ, नाकातून फुरफुर. माझ्या मांड्यांखाली तिचं सगळं अंग थरथरत होतं आणि ती मागं मागं सरकू लागली. मी आयाळ घट्ट धरली आणि ओरडले.

"बघा!" आप्पासाहेब कडाडले. "हितं कायबी नाय, तरी बुजती. डोक्यातच बिघाड हाय हिच्या!"

गीताबाईंनी दोरी ओढली नाही, उलट सैल सोडली. लिंबाखाली गेल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि ड्रमच्या जागी अंग चोरून मुकाट बसल्या. मैना बघत राहिली. मग मान खाली घालून तिनं एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं. गीताबाईंचा पदर हुंगला आणि मोठा श्वास सोडला. मीही सोडला. मग ती शांतपणे वळण ओलांडून गेली आणि पलीकडचं गवत खाऊ लागली.

"मालक, कायबी नाय म्हणूनच बुजली ती," गीताबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "रोज हितं ड्रम व्हता. आज नाय. तुमी चांगल्यासाठीच काढला, मला कळतंय. आमच्या आकाशनं बी बापाची बाज चांगल्यासाठीच उचलून भावकीत दिली. दिसली की आई रडती म्हणून. मी रानातनं आले, घरात बघितलं, अन् उंबऱ्यातच थांबले. दोन दिस पाय आत घालवंना."

मला रडू आलं. घोड्यावर बसून डोळे पुसणं सोपं नसतं, पण पुसले.

आप्पासाहेब सावकाश खाली उतरले. खिशातून फोन काढला आणि तिथंच उभं राहून पिशोरच्या माणसाला सांगितलं, घोडी द्यायची नाही. का, ते सांगितलं नाही. फोन ठेवून ते थोडा वेळ मैनेच्या मानेवर हात फिरवत राहिले.

"अन् ती बाज?" त्यांनी विचारलं.

"परत आणली," गीताबाई उठून लुगडं झटकत म्हणाल्या. "आता तिच्यावर मीच निजते."