अंगठ्याची जागा

मुलगा कॅनडाला गेला तेव्हा त्याच्या खोलीत कॉम्प्युटर, खुर्ची आणि वायर नसलेला काळा माऊस एवढंच राहिलं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये आता आवाज करणारी मी आणि मिक्सर. मिक्सरही दोन दिवसांआड, एकटीसाठी चटणी तरी किती वाटणार.

जाण्याआधी त्याने मला एक खेळ लावून दिला होता. पडद्यावर शेत असतं, तो तिकडून येणार, मी इकडून, दोघांनी मिळून ते कसायचं. "फोनवर तू जेवलास का विचारशील, मी हो म्हणेन, संपलं. हात कामात असले की बोलणं सुचतं," म्हणाला. माझं माहेर लासलगावजवळचं, कांदे खुरपत मोठी झालेली मी. पाच मिनिटांत गाजर उगवणाऱ्या शेतीला मी खूप हसले. पण रविवारी सकाळचे नऊ ठरले, आणि आठवडाभर मी त्या एका तासाची वाट बघायला लागले.

पहिल्याच रविवारी माऊसने दगा दिला. गाजर लावायला बटण दाबलं की भलतीच यादी उघडायची. तो "आई, दाब ना" म्हणतोय, मी दाबतेय, आणि पडद्यावरची माझी बाई शेतात नुसती उभी. "सेल गेला असेल," असं म्हणून तो झोपायला गेला. मी नवा सेल घातला. पुढच्या रविवारीही तेच. "राहू दे मग, आई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. मी घाबरले. हा तास गेला तर पुन्हा "जेवलास का" आणि "हो".

एमजी रोडवरच्या दुकानात माऊस घेऊन गेले. दुकानदार माझ्याच वयाचा. त्याच्या कॉम्प्युटरवर माऊस शहाण्यासारखा चालला. घरी आणला की पुन्हा उलटा. दोन दिवसांनी मी परत काउंटरवर, आणि महापालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं कमावलेला आवाज लावला. त्याने निमूट ऐकून घेतलं आणि माऊस हातात फिरवून पाहिला.

"मॅडम, माऊस चांगला आहे. घरच्या कॉम्प्युटरवर बटणांची अदलाबदल करून ठेवली असणार. हे बघा, अंगठा घासून रबर गुळगुळीत झालंय ते उजव्या बाजूला. घरात कोणी डावखुरं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या घरात कोणी डावखुरं नाही."

रिक्षात बसल्यावर माऊस पर्समधून काढला आणि डाव्या हातात धरून बघितला. अंगठा आपोआप त्या गुळगुळीत जागेवर गेला.

माझा मुलगा डावखुराच जन्मला होता. ते मी मोडून काढलं होतं. प्रसादाला डावा हात पुढे आला की चापट, घास डाव्याने उचलला की ताट बाजूला, पेन्सिल डावीकडे गेली की पट्टी. पहिलीत जाईपर्यंत तो उजवा झाला, आणि स्टाफरूममध्ये मी ते कौतुकाने सांगितलं. वर्गातल्या दोघातिघांचे हातही मी असेच सुधारले. नंतर विसरूनसुद्धा गेले. मी त्याच्या खोलीत शिरले की तो घाईने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचा. मला वाटायचं, अभ्यास सोडून खेळतोय ते लपवतो. मी ओरडायचे, म्हणून तो दार लोटून बसायला लागला. पंचविशी उलटलेला माझा मुलगा माझ्यापासून स्वतःचा हात लपवत होता. रिक्षावाला आरशातून बघत होता तरी मला रडू आवरलं नाही.

सेल गेला असेल असं तो म्हणाला, तेव्हा त्याला खरं कारण माहीत होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

बटणं सरळ कशी करायची ते दुकानदाराने कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला आणि डाव्या हाताने सराव सुरू केला. बाण पडद्यावर कुठेही पळायचा. मनगट दुखायचं, चिडचिड व्हायची. त्या एवढ्याशा पोरालाही असंच झालं असणार, आणि वरून मार.

रविवारी तो आला.

"आई, पाणी सगळं बांधावर ओततेयस," तो हसत म्हणाला.

"डाव्या हाताने खेळतेय."

पडद्यावरचा त्याचा माणूस जागच्या जागी थांबला.

"उजव्याने खेळ ना. कसं बदलायचं ते सांगतो मी."

"नको. माझं चुकलं रे तेव्हा. फार चुकलं."

मग त्याचा आवाज आला. रागावलेला नव्हता.

"मध्ये एकदा इथे एकटाच बसलो होतो, तेव्हा डाव्या हाताने माझं नाव लिहून बघितलं, आई. नाही येत."

आता हा निघून जाईल, या भीतीने त्याच्या माणसाकडे बघत मी पाणी घालत राहिले, अर्धं वाफ्यात, अर्धं बांधावर. आमचा खेळ दहाला संपायचा. साडेदहा झाले तरी तो शेतातच होता.