बशीतल्या पेशी आणि धाकटी

प्रयोगशाळेत तिला सगळे पालेवाली म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. एका कडवट झुडपाची पानं सावलीत वाळवायची, दळायची, मद्यार्कात भिजवून गाळायची, यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. जुने वैद्य ही पानं गाठींवर बांधत, एवढ्याच धाग्यावरून तिनं सुरुवात केली होती. अर्काचे थेंब पडताच चाचणीचं जांभळं द्रावण पिवळं पडलं. पेशींची नासधूस करणाऱ्या घटकांना हा अर्क निकामी करतो, याची ती खूण होती. पुढे काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशीही त्यानं मेल्या, तेव्हा तर तिला आभाळ ठेंगणं झालं.

आणि नेमकी तेव्हाच धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी केमो सांगितली, तशी धाकटी तडक प्रयोगशाळेत येऊन बसली.

"ताई, मला ते विष नको. तुझ्या बाटलीतलं दे."

"ते औषध नाहीये गं अजून."

"पेशी मेल्या म्हणून घरभर नाचलीस ती तूच ना?"

 पालेवालीनं धाकटीला सूक्ष्मदर्शकापाशी ओढलं. "या निरोगी पेशी. तेवढाच अर्क घातला, तर याही गेल्या. तुझ्या अंगात तो काय करेल, मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं तुला कसं पाजू?"

धाकटी तोंड फिरवून निघून गेली. बरेच दिवस अबोला होता. मग एका सकाळी फोन आला.

"केमोला सोबत येशील? पण तिथं पाल्यावर व्याख्यान नको."

पालेवाली प्रत्येक वेळी गेली. धाकटीला मळमळायचं तेव्हा पाठीवरून हात फिरवला, केस गेले तेव्हा तिनं केलेली चेष्टाही सोसली: "आता माझा कंगवा खुशाल पळव." हळूहळू गाठ आकसली, शस्त्रक्रिया नीट पार पडली, आणि तपासण्या चांगल्या आल्या.

इकडे पालेवालीनं अर्कातले घटक वेगळे करायला घेतले होते. त्यातला एक कर्करोगाच्या पेशी मारत होता, पण निरोगी पेशींना बराच कमी त्रास देत होता.

"म्हणजे झालं औषध?" धाकटीनं विचारलं.

"छे गं. अजून उंदरांवर चाचण्या, मग माणसांवर. माझ्या हयातीत होईलच असं नाही."

"मग एवढी खूश कशाला?"

"काल मला एवढंही माहीत नव्हतं."

हल्ली सुट्टीच्या दिवशी धाकटी नाक मुरडत येते आणि तिच्याशेजारी बसून पानं खुडते.